दोन गाठींचं खोबरेल

४ जाने., रविवार

खोबरेल थिजलं. डोंबिवलीत थंडी पडली का हे मी टीव्हीला विचारत नाही, बाटलीला विचारते. आडवी केली, तेल हललं नाही. गॅलरीच्या कठड्यावर उन्हात ठेवली.

केतकी, माझी नात, बाळंतपणाला माहेरी आलीय. नववा लागलाय. बसून कंटाळली, म्हणते, आजी, तुझी तेलं सांग, मी वहीत लिहून ठेवते, नंतर कोणाला विचारणार. म्हटलं, मी कुठे निघाले? पण सांगते. मला अक्षर येत नाही आणि हिला अक्षर पुरत नाही. आईचं नाव सुषमा, तेवढं लिहायला हात दुखतो म्हणून नुसतं 'सु.' लिहिते. बापाचं मात्र 'विलास' पूर्ण. सासूने सांगायचं, लेकीने लिहायचं, बिचारी सु. दोन्हीकडून सापडली.

सु.ने दिवाळीला सहा बाटल्या आणल्या. एकसारख्या, तपकिरी काचेच्या, उजेडाने तेल खराब होऊ नये म्हणून. वर छापील चिठ्ठ्या. आधी माझं बरं होतं. शेंगदाणा तेल किटलीत, खोबरेल काजूच्या बरणीत, एरंडेल विलासच्या मित्राने रिकाम्या केलेल्या चपट्या बाटलीत. आता सगळ्या जुळ्या बहिणी. मी झाकण उघडून हुंगायची, तेच माझं वाचन.

पुढचं लिहू नको, केतकी. दिवाळीनंतर ताप आलेला, त्यात माझं नाक गेलं. हिंग नाही, धूप नाही, काही नाही.

लिहिलंस? बरं. आईला वाचून दाखवायचं नाही.

६ जाने., मंगळवार

आज तेलं.

शेंगदाणा भाजीला, फोडणीला. सु. आता लाकडी घाण्याचं आणते. घाणा दारात होता तेव्हा लोकांना डब्यातलं हवं होतं, आता डबा दारात येतो तर घाणा हवा. तिळाचं विलासच्या गुडघ्यांना. एरंडेल तूरडाळीला चोळून ठेवायचं, कीड लागत नाही. दाराच्या बिजागऱ्यांनाही तेच. नारळ खोवायच्या आडोळीच्या पात्याला धुतल्यावर खोबरेलाचं बोट, गंज धरत नाही. खोबरेल माशांना. केसांचं तेल वेगळं. त्यात जास्वंद, माका, मेथी उकळलेली.

नाक नाही तर ओळखते कशी? बोटांनी. एरंडेल चिकट, सुटता सुटत नाही, काही पाहुण्यांसारखं. शेंगदाणा पळतो. खोबरेल थंडीत थिजतं, म्हणजे थंडी आहे तोवर माझी सोय.

आणि आवेल. तेच खरं काम. नारळाचं दूध मंद आचेवर आटवून तेल सुटतं, ते आवेल. आमच्या मालवणाकडे बाळाला तेच लावतात. विलासला मी लावलं, केतकीला मी लावलं. भांडं कधी उतरवायचं ते वास सांगतो. जरा उशीर झाला की करपलं.

केतकी म्हणते, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, बाळाच्या नाकात, कानात तेल घालायचं नाही. म्हटलं, नाही घालणार. एका घरात एक बिघडलेलं नाक पुरे.

बाळाला न्हाऊ-माखू घातलं की टाळूला नाक लावायचं. त्या वासासाठी मी एवढी वर्षं हात तेलकट केले. यंदा काय लावू आणि कशाला.

सु.ला कळलं तर गॅस बंद होईल. तिचं चूकही नाही. नाक नसलेलं माणूस दिवसभर गॅसपाशी, मीसुद्धा ठेवलं नसतं. पण ते माणूस मी आहे ना.

११ जाने., रविवार

बांगड्याचं तिखलं केलं. उतरवल्यावर वरून कच्च्या खोबरेलाची धार, झाकण, पाच मिनिटं हात लावायचा नाही. केतकीला सध्या मासळी जवळ चालत नाही, ती आधीच वरणभात जेवून आत झोपली. आम्ही तिघं बसलो. विलासने पहिला घास घेतला, थांबला. मग खाल्लं. पुन्हा वाढून घेतलं. म्हणाला, "आई, मस्त झालंय." एरवी तोंड उघडून कौतुक करायचा नाही. सु. खाली मान घालून काटे काढत होती.

मला आता सगळं नुसतं तिखट आणि खारट लागतं. पण लेकाने दोनदा घेतलं, म्हणजे हात अजून चालतो.

१२ जाने., सोमवार

लिही. काल काय झालं ते आज कळलं.

केतकीच्या डोक्याला तेल लावत होते. अर्धी वेणी सोडून झाली आणि म्हणते, "आजी, हे साधं खोबरेल आहे. जास्वंदीचा वास कुठाय?"

मी बोटं चोळून बघितली.

केसांचं तेलही खोबरेलातच उकळलेलं. तेही थिजतं. तेही मीच उन्हात ठेवलेलं, त्याच कठड्यावर, जुळ्या बहिणीशेजारी.

माझ्या लेकाने केसांचं तेल दोनदा वाढून घेतलं.

केतकी हसता हसता पोट धरून बसली, मला वाटलं आताच दवाखाना. मीही हसले. मग न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं.

१३ जाने., मंगळवार

विलास एसटीत आहे, ठाण्याच्या खोपट डेपोत. आज दुपारची ड्युटी. सु. सकाळी सातलाच ऑफिसला गेलेली, वागळे इस्टेटला. तो चहा घेत होता. मी विचारलं, "पोट कसं आहे?"

टकलावरून हात फिरवत म्हणाला, "पोट ठीक आहे. पण दोन दिवस झाले, अजून एक केस आला नाही."

मेला. पहिल्या घासाला कळलेलं.

मग त्याचं हसणं गेलं. "नाक कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"गॅस?"

"बटन बंद केल्यावर दोनदा हात लावून बघते."

"आणि न बंद करता राहिला तर?"

मी त्याचा कप विसळायला घेतला. तो म्हणाला, "सुषमाला मी नाही सांगणार. तू सांगायचं. केतकीच्या आधी सांग."

केतकीच्या म्हणजे बाळंतपणाच्या.

१५ जाने., गुरुवार

विलास नाकाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. सु.ला सांगितलं, कानाचं दाखवायला नेतोय. डॉक्टर म्हणाला, वास येईल, कदाचित नाहीही येणार, वाट बघा. लवंग, लिंबू रोज हुंगत जा म्हणाला. एवढा वेळ नळी घालून बघितलं आणि हे सांगितलं. हे तर आमच्या मजल्यावरच्या बायकांनी जिन्यातच सांगितलं असतं.

रोज सकाळी लवंग हुंगते. लवंग आपल्या जागी, मी आपल्या जागी.

१७ जाने., शनिवार

सांगायचं कसं? केतकी म्हणते, सरळ सांग. हिला माहीत नाही, म्हणून सांगते.

सु. साताऱ्याकडची. तिच्या माहेरी शेंगदाण्याचं तेल. लग्न होऊन आली, पहिल्या दिवशी माशांवर खोबरेल ओतलेलं बघून पदर नाकाला लावला. डोक्याला लावायचं तेल ताटात कसं, असं काहीतरी म्हणाली. मी ते सोडलं नाही. एकदा खवट तेल तिने ताजं म्हणून भाजीत घातलं, नवी होती, बावीस वर्षांची. पुढे जो येईल त्याला मी सांगायची, "आमच्या सुनेला सगळं आहे, नाक तेवढं नाही." हळदीकुंकवाला सांगितलं. बारशाला सांगितलं. तिच्या आईसमोर सांगितलं.

ती हसायची. मला वाटायचं, हिला गंमत कळते.

आता त्याच बाईला जाऊन काय सांगू.

आज ती आली तेव्हा पाय सुजलेले. पाणी दिलं. म्हणाली, "काही हवंय का, आई?" म्हटलं, नाही. उद्या बघू.

२० जाने., मंगळवार

सकाळी स्वैपाकघरात गेले. हात नेहमीसारखा बाटलीकडे. तिच्या गळ्याशी बोटाला काहीतरी लागलं.

दोरा. शेंगदाण्याला एक गाठ. खोबरेलाला दोन. तिळाला तीन. एरंडेलाला सुतळी, खरखरीत, म्हणजे चुकायलाच नको. आणि केसांच्या तेलाला केतकीचा केसांचा रबर.

केतकीला विचारलं. शपथ घेऊन म्हणते, मी नाही, माझा रबर दोन दिवस मीच शोधतेय. विलासला गाठ मारता येत नाही, लेंग्याच्या नाडीलासुद्धा अजून निरगाठ बसते.

म्हणजे उरली एक.

ओट्याखाली भिंतीला जमिनीजवळ पांढरी डबीही दिसली. संध्याकाळी सु. म्हणाली, "गॅस लीक झाला तर वाजतं. आता सगळ्यांकडे असतं." माझ्याकडे बघितलं नाही. भिंतीला नाक लावलंय तिने. मी चार शब्द बरे बोलायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "वाकडी लावलीस."

तिने सरळ केली.

२४ जाने., शनिवार

आवेल काढलं. सहा नारळ. आडोळीवर मी बसले. खोवायला नाक लागत नाही. सु.ला सुट्टी, ती दूध पिळत होती. केतकी खुर्चीवर बसून वही धरून, मला साक्षीदार लागतो.

मंद आचेवर ठेवलं. दूध फुटलं, पाणी आटायला लागलं, तडतड सुरू. तासभर तर काही नाही, ढवळत राहायचं. मग ती वेळ जवळ आली. सहा नारळ, येणारं लेकरू, आणि मला समोर नुसती वाफ.

भांड्यात बघत म्हटलं, "सुषमा, माझं नाक गेलंय."

"माहीत आहे," ती म्हणाली. "आच कमी करू?"

कमी केली. मग मी विचारायला लागले, ती सांगायला लागली.

"आता?"

"दुधासारखाच."

"आता?"

"वडी थापायला घेतो ना, तसा."

"आता?"

डोळे मिटून उभी. मी हिला एवढ्या वर्षांत अशी उभी राहिलेली बघितली नव्हती. "वडी खाली लागायच्या आधीचा. आई, बंद करा."

मी बंद केला. कान लावला. तडतड थांबलेली. म्हणजे पाणी गेलं, तेल उरलं. हे कानालाही कळतं, मला माहीतच नव्हतं. एवढी वर्षं नाकच पुढे पुढे करत होतं.

गाळलं. केतकी म्हणते, सोन्याच्या रंगाचं आलंय. चोथा गुळाशी कालवून तिघींनी खाल्ला.

सु. भांडं घासत म्हणाली, "मला नाक नव्हतं ना?"

म्हटलं, "होतं. मला बोलायला काहीतरी लागायचं."

भांडं बराच वेळ घासत होती. ते केव्हाच स्वच्छ झालेलं.

आवेलाच्या बाटलीला तिने माझ्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधली. मऊ आहे, बोटाला लगेच कळते.

२७ जाने., मंगळवार

भांडण. सु.चं म्हणणं, घरात कोणी असताना गॅस लावा, एकट्या असताना नाही. केतकी बाळाला घेऊन सासरी मोहन्याला गेली की दिवसभर मी एकटीच. दुपारचा चहा?

"थर्मासमध्ये करून ठेवीन."

"सकाळचा चहा दुपारी? त्यापेक्षा एरंडेल दे."

"आई, डबी वाजेल, पण तुम्ही गॅलरीत तेलं उन्हात ठेवत असाल तर?"

विलास पेपरमागे लपला. दोन दिवस झाले, आम्ही एकमेकींशी केतकीमार्फत बोलतोय. केतकी म्हणते, कळा याच्यानेच सुरू होतील.

ती बरोबर आहे, हे मला पटतं. हे लिही, पण बारीक अक्षरात.

३० जाने., शुक्रवार

लवंग. काही नाही. लिंबू. काही नाही.

चहाचं अजून ठरलेलं नाही.

३ फेब्रु., मंगळवार

आज लिहिणारी वेगळी. केतकी दवाखान्यात, कल्याणला. काल दुपारी मुलगी झाली. दोघी बऱ्या.

सुषमा लिहितेय. हिने स्वतःचं नाव पूर्ण लिहिलं म्हणे. चांगलं केलंस. मागची पानं वाचू नको म्हटलं तर म्हणते, "सगळी वाचली, आई. बारीक अक्षरातलं दोनदा वाचलं."

चहाचा विषय मी काढला नाही, तिनेही काढला नाही. दवाखान्याच्या बाकड्यावर दोघी एका कपातला प्यायलो, वाईट होता.

तेल आताच नाही लावायचं. कधी ते डॉक्टरीणबाई सांगतील. चिंधीची बाटली कपाटात थांबलीय. मीही थांबलेय. सुषमाला म्हटलं, लावायचं तेव्हा पाय मी चोळीन, पाठ तू. हात कसा फिरवायचा ते दाखवते. तिला कधी दाखवलंच नव्हतं, केतकीच्या वेळीसुद्धा.

पोरगी माझ्या हातात दिली. मूठभर. डोक्यावर काळं जावळ, पणजोबांसारखं, आमच्या ह्यांच्यासारखं. सगळे केतकीभोवती होते. मी खिडकीकडे वळले, टोपडं जरा मागे सारलं, टाळूला नाक लावलं आणि डोळे मिटले.

सुषमा मागे येऊन उभी. हळूच म्हणाली, "आई, वास आला?"

मी तिला सांगितलं.

ते लिहू नको, सुषमा. पेन खाली ठेव.