सोमवारची कळशी आणि घरातला समुद्र

मी, रामलिंग शिवप्पा बिराजदार, वय ७१, धंदा मोटार रिवाइंडिंग, राहणार मुरुड, ता. व जि. लातूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाविना, माझ्या माघारी घरात तोंडं फिरू नयेत म्हणून हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे. शंका असल्यास साक्षीदार डॉक्टरांना विचारावं.

१. राहतं घर पत्नी केवळाबाई हिच्या हयातीत तिचंच राहील. तिच्यानंतर मुलगा सत्यम व मुलगी तनुजा यांना समान. "घर विकून नांदेडला चला" हा विषय सत्यमने आईपुढे काढू नये. माझ्यापुढे पुष्कळदा काढून झाला आहे.

२. दुकानातलं मशीन, हत्यारं व उरलेली तांब्याची तार सत्यमला.

३. धाकटे बंधू हणमंतराव यांना माझी आरामखुर्ची. माशांची टाकी घरी आली त्या दिवशी ते चारचौघांत म्हणाले होते, "प्यायला टँकर, आन् आमच्या अण्णाला घरात समुद्र पायजे." हे मी विसरलेलो नाही. खुर्ची टाकीसमोरून हलवायची नाही. त्यांनीच इथे येऊन बसावं. दुपारी जेवून तिच्यात टेकलं की भिंत निळी होते, रस्त्यावरच्या एसटीचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटतो, आणि आपण जागे आहोत की नाही ते कळत नाही. असं बसल्यावर त्यांना टोमणा सुचतो का, ते बघावं.

४. टाकीचा खुलासा. केवळाबाईला समुद्र बघायचा होता. उन्हाळ्यात लोकांच्या विहिरींवरच्या मोटारी जळतात, म्हणून आमचं जाणं दर साली राहिलं आणि पुढे गुडघे दुखायला लागले. मग मीच खारं पाणी, दगड आणि मऊ पोवळी घरी आणली. मोठं पोवळं गुलाबी आहे. त्याच्या अंगावर बारीक बोटं आहेत, ती वाऱ्यातल्या ज्वारीसारखी डुलतात.

गेल्या साली त्याने बोटं आत ओढली. कडा तपकिरी पडल्या, मग पांढऱ्या. मी दिवा बदलला, मीठ मोजलं. तनुजाने पाणी तपासायचं औषध आणलं, त्यात तांबं निघालं. सगळ्यांनी माझ्या हातांकडे बघितलं, कारण जन्म तांब्याच्या तारेत गेलेला. मी टाकीत हात घालणं सोडलं. तरी तांबं निघतच होतं, आणि मंगळवारी रंग जास्त उतरलेला दिसे.

टाकीतलं पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून रोज आरओचं गोडं पाणी वरून घालावं लागतं. ते काम केवळाबाईकडे होतं. सोमवारी मात्र ती चिंचेने घासलेल्या तांब्याच्या कळशीत रात्रभर ठेवलेलं पाणी ओतायची. तनुजाने विचारलं तेव्हा म्हणाली, "आरओचं पाणी मेलेलं असतंय. सोमवारी तरी जित्या जिवाला चांगलं पाणी द्यावं म्हनलं."

माणसाला मानवतं ते तांबं पोवळ्याला विष असतं, हे तनुजाने तिला समजावलं.  त्या दिवसापासून केवळाबाई टाकीच्या खोलीत आलेली नाही. पाणी बदलत राहिल्यावर पोवळं सावरलं, गुलाबी झालं. ती दारातूनच विचारते, "कसं हाय आता?" मी म्हणतो, येऊन बघ. "नगं. माझा हात वाईट हाय." हे ऐकून मला पोवळ्यापेक्षा जास्त वाईट वाटतं. खुर्चीत डोळा लागला की दोघं समुद्राकाठी असतो, आणि तिथेही ती पाण्यापासून लांबच उभी असते.

५. टाकी तनुजाला मिळणार असं सगळे धरून चालले आहेत, तनुजासुद्धा. टाकी, दिवा व सर्व पोवळी मी केवळाबाईला देत आहे. ती तिच्यासाठीच आणली होती. जड काम सत्यमने करावं, अडलं तर तनुजाला विचारावं. कपाटात स्टीलची नवी कळशी आहे, तिच्यावर केवळाबाईचं नाव घालून आणलं आहे. सोमवारचं पाणी तिनेच घालायचं. दुसऱ्या कोणी घातल्यास माझी हरकत राहील. हे कलम माझ्या मरणाची वाट न बघता आजपासून लागू.

ताजा कलम: सह्यांच्या आधी डॉक्टरांनी हे सगळं मोठ्याने वाचलं. केवळाबाई दारात उभी होती. "कळशीवर नाव कुनी घालाय सांगितलं?" एवढंच म्हणाली. कपाट उघडल्याचा आवाज झाला. आता आतून पाणी ओतल्याचा आवाज येत आहे. मी इथेच थांबतो.

सही: रामलिंग शिवप्पा बिराजदार
साक्षीदार: १. डॉ. रविकिरण कांबळे (सही) २. अमरेश स्वामी, शेजारी (सही)
ठिकाण: मुरुड
दिनांक: १२ ऑगस्ट २०२४, सोमवार