जळालेल्या पिना

१० जाने. ९४, सोम.
विमानाच्या चाकांच्या पायात बसणाऱ्या पिना आज ॲसिडमध्ये बुडवून पाहिल्या. काळपट डाग. म्हणजे ग्राइंडिंगला पोलाद जळालंय. वरून चकचकीत, पण कधी तडकेल नेम नाही. सगळा लॉट नापास मालाच्या लाल रॅकवर ठेवला.
ग्राइंडरवरचे शेखभाई म्हणाले, "मेरेकू बोले जल्दी निकालो. मैं क्या करूं, साब?" खरंय त्यांचं. चिकलठाण्यात रोज नवी शेड उभी राहतेय, जो तो घाईत.

११, मंगळ.
मॅनेजर देशमुखांनी बोलावलं. "वाघमारे, डागच आहेत ना? पॉलिश मारा, पाठवा. अशी ऑर्डर परत यायची नाही."
"साहेब, डाग जातील. जळालंय ते नाय जाणार."
सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्हा लोकांना जिथं तिथं आंदोलनच पाहिजे."
मी पोलादाबद्दल बोलत होतो!
माझ्यासोबत तपासणीला असणारा पाटील शेजारीच होता. कॉलेजपासून एका डब्यात जेवतो आम्ही. खाली पाहत राहिला.

१३, गुरु.
आबा गंगापूरहून एसटीनं आले. विद्यापीठाचं नामांतर होणार, उद्याच, असं सगळीकडे बोलतायत. त्यांना गेटपाशी जायचंय. अठ्ठ्याहत्तरला याच नामांतरावरून गावात आमचं घर पेटवलं. तेव्हापासून आबा हा विषय काढत नाहीत. आज आपणहून सुशीलाला म्हणाले, "सूनबाई, माझ्या सदऱ्याला इस्त्री कर गं."
रजा मागितली. वाटलं, देणार नाहीत. देशमुख हसले. "जा की. तुमचा सण आहे."
कधी नव्हे ते.

१४, शुक्र.
संक्रांत. गेटपाशी पाय ठेवायला जागा नव्हती. घोषणा झाल्याचं कळलं तसं आबांनी टोपी काढली, माझा दंड घट्ट धरला. लई वेळ तसेच उभे होतो. आज दिवसभर पिना डोक्यात आल्या नाहीत.

१५, शनि.
लाल रॅक रिकामा. काल माझ्यामागं पॉलिश मारून लॉट गाडीत चढवला. पास केला पाटीलनं.
"सुधाकर, मला दोन पोरी आहेत," म्हणाला. वर तिळगूळ पुढं केला. माझा हात उठला नाही.
रजा का मिळाली ते कळलं. आबांचा दिवस देशमुखांनी वापरून घेतला. आबांना सांगितलं नाही. ते शेजारी पेढे वाटत होते.

१६, रवि.
आबा गावी परत गेले. सुशीलाला सगळं सांगितलं.
"तुम्ही तर पास केला नाही ना? मग?"
मग काय. विमानात बसणाऱ्याला त्याचं काय...
तिनं शिलाई मशीनवरचं कापड बाजूला सारलं. मग म्हणाली, "नोकरी गेली तर माझं शिवण आहे."

१७, सोम.
सकाळीच देशमुखांनी मला तपासणीतून काढून स्टोअरला टाकलं. संध्याकाळी छावणीतल्या एसटीडी बूथवरून, पिना जिथं गेल्या त्या विमान कारखान्यात फोन लावला. फोन घेणारा म्हणाला, तपासणीचे साहेब बाहेरगावी. "गुरुवारी करा. काही निरोप?"
म्हटलं, "आमच्याकडून आलेल्या पिना बसवू नका. जळालेल्या आहेत."
"कोण बोलतंय?"
नाव सांगितलं, कंपनीसकट.
"बरं," म्हणाला आणि ठेवला. लिहून घेतलं का नाही, कळलं नाही.