तीच कथा, गावाचं नाव बदलून

आबा, यंदा गावाच्या राखणीला देवीपुढे गाऱ्हाणं मी घातलं. काकांना अर्धांगाचा झटका आला, जीभ जड झाली, आणि तुम्ही गेल्यावर ते जिथे उभे राहायचे तिथे उभं राहायला आपल्या घरात मीच उरलो. मुंबईची मंडळी म्हणत होती, मोबाइलवर काकांचं जुनं रेकॉर्डिंग आहे, तेच स्पीकरवर लावू, देवीला आवाज ओळखीचा आहे. आये भडकली. मला न विचारताच तिने माझा होकार कळवून टाकला. पोरगा शिकलेला आहे, शब्द चुकणार नाही, असं तिचं म्हणणं. शब्दांची भीती मला नव्हतीच.

महाडला कोर्टाजवळ टायपिंगच्या दुकानात बसतो, हे तुम्ही पाहिलं नाहीत. बारावीनंतर कॉलेज सुटलं, पण शुद्धलेखन बरं म्हणून काम मिळालं. बहुतेक भाडेकरार आणि प्रतिज्ञापत्रं. गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त प्राध्यापक आपलं हस्तलिखित घेऊन आले. आपल्या खोऱ्यातल्या ग्रामदेवतांचा इतिहास. प्रत्येक गावाची एक कथा त्यात होती: गाय रोज रानात एका दगडावर पान्हा सोडते, गुराखी पाळत ठेवतो, दगडाला कोयती लागते, रक्त येतं. दोन-तीन गावांनंतर सर नुसतंच लिहायचे, ‘कथा वरीलप्रमाणे’. छापताना ती पूर्ण हवी होती, म्हणून मी वरचीच कथा उचलून खाली चिकटवायचो आणि गावाचं नाव बदलायचो. सुरुवातीला गंमत वाटली. मग एका दुपारी आपल्या वाडीचं नाव आलं. आये भाकरी भाजायची आणि तुम्ही चुलीपुढे बसून मला जी सांगायचात, तीच ती कथा. तुम्ही तर तो गुराखी आपल्याच घरातला होता म्हणायचात. मी तीही चिकटवली. गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

त्याखाली सरांनी लिहिलं होतं की शेंदराचं कवच एकदा गळून पडलं तेव्हा त्यांनी आपल्या देवीचा तो दगड स्वतः पाहिला. खाली गुरं, त्यांच्यापुढे तलवार घेतलेला एक माणूस, मग तोच आडवा पडलेला, आणि सगळ्यांत वर चंद्र-सूर्य. तो वीरगळ आहे. गुरं पळवायला आलेल्यांशी लढताना जो मेला, त्याच्या नावाने लावलेला दगड. पुढे कधीतरी शेंदूर चढला, साडी नेसवली गेली आणि त्या दगडाची देवीआई झाली. वीर म्हणजे आपल्याला महाडजवळचं रेल्वे स्टेशन, मुंबईकर उतरून रिक्षा पकडतात ते. मी तो परिच्छेद पुन्हा पुन्हा तपासला. एकही चूक नव्हती. सरांना भीतभीत विचारलं की हे सगळं कळल्यावर तुम्ही देवळात काय करता. ते हसले. म्हणाले, हात जोडतो, पण डोळे मिटत नाहीत, दगड कुठला आणि केव्हाचा तेच बघत राहतात. त्या दिवसापासून माझंही तसंच झालंय. सकाळच्या एसटीतून देवीच्या डोंगराकडे बघून हात वर जातो आणि वाक्यात काहीतरी खटकावं तसा मधेच थांबतो.

गाऱ्हाण्याचा सराव काकांपुढे केला. ते ओटीवर भिंतीला टेकून बसलेत, काकी सुपातली आमसुलं उलटतेय. मी सुरू करतो, “आई, तू या डोंगरावर उभा आहेस...”

काकी मान वर करत नाही. “आयशीला बापूस करतोस काय रे? मिशा पन लाव तिला.”

काका अर्ध्या तोंडाने हसायला लागले. किती महिन्यांनी हसले असतील. मीही हसलो. त्या वीरगळाचं त्यांना तेव्हाच सांगणार होतो, पण काकी पदराने त्यांचे डोळे पुसत होती, ते बघून पुढची ओळ म्हणायला घेतली. नंतर घरी येऊन मी सगळं गाऱ्हाणं नीट करून घेतलं. उभी आहेस. राखलीस. सांभाळलीस. एकेक प्रत्यय.

मी सातवीत असेन. तुम्ही भर गाऱ्हाण्यात ‘रक्षन कर’ म्हणालात आणि मी मागून ‘रक्षण’ म्हणालो, मोठ्याने. माणसं खुदखुदली. तुम्ही थांबला नाहीत. सगळं संपल्यावर खाली उतरताना तेवढं म्हणालात, “चपला काढल्यास ना, तशी शाळा पन खाली काढून येत जा.” तुम्ही रागावला होतात की चेष्टा करत होतात, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. विचारायला हवं होतं.

राखणीच्या दिवशी ऊन फार होतं. नारळ, कोंबडा, सगळं रीतीप्रमाणे. मी एकही शब्द चुकलो नाही. ‘होय महाराजा’ म्हणताना माणसांचा आवाज भरून येत होता. आये म्हणाली, बापसासारखा बोललास. एका मुंबईकराने रेकॉर्डिंगही केलं, पुढच्या वर्षाची सोय झाली म्हणाला. सगळे समाधानाने जेवले. मीच तेवढा तिथे नव्हतो. गुरामाणसांना सांभाळ म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे तो आडवा पडलेला माणूस होता. त्याला स्वतःला वाचवता आलं नाही, त्याच्याकडे काय मागायचं? मी शब्द म्हटले, मागितलं काहीच नाही.

आणि मागायचं होतं. आये अजून म्हस घेऊन एकटी कड्याखालच्या माळावर जाते. गुडघे धरतात, उतरताना मधेच बसते, सांगून ऐकत नाही. म्हस विकू म्हटलं तर दोन दिवस बोलली नाही. मी दिवसभर महाडला, तिथे वर फोन लागत नाही. आबा, तुम्हाला त्या वाटेचा दगडन्‌दगड माहीत आहे. ती उतरत असेल तेव्हा तरी तिच्या मागे-पुढे राहा. हे तुम्हाला पोचणार नाही, मला कळतं. पण कोणाला तरी सांगून ठेवल्याशिवाय मला तिला एकटीला वर जाऊ देववत नाही.