उजव्या मनगटाचं घड्याळ

सोमवार, ३ नोव्हेंबर

पोचले एकदाची! भाट्याच्या पुलावर रिक्षावाल्याने विचारलं, मुंबईकर का. राहायला डोंबिवली, पण मूळ सावर्ड्याची म्हटल्यावर, मग अर्धी आमचीच, असा निकाल देऊन तो घरच्यासारख्या गप्पा मारायला लागला.

घर खाडीच्या अंगाला आहे. चिऱ्याचं, बुटकं, स्वच्छ सारवलेल्या अंगणाचं. भोवती दगडांचा गडगा, त्याला लाकडी फाटक, परसात विहीर. घरात एकट्या गोदूबाई मयेकर. चहा पिऊन होईपर्यंत मी त्यांना काकी म्हणायलाही लागले. त्यांचे यजमान धाकू मयेकर बोटीवर इंजिनात कामाला होते आणि बंदराबंदरातून जुनी ऑटोमॅटिक घड्याळं गोळा करायचे. ते जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा निलेश कुवेतला असतो. इंटरनेटवरचं माझं घड्याळांचं पान बघून त्यानेच मला गाठलं, की पंधरवडाभर राहा, सगळी घड्याळं साफ करून चालू करा आणि फोटो काढून द्या. जुनी घड्याळं हाताळायला मिळणार असतील तर मनूताई नरकातही जाईल, असं रितेश म्हणाला. रितेश माझा धाकटा भाऊ. त्याला घड्याळांतलं ओ की ठो कळत नाही, बाकी मुलगा गुणी आहे.

रात्री शिंपल्यातल्या तिसऱ्यांचं कालवण आणि भात होता. मी लाज सोडून जेवले.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

कपाट उघडलं आणि मी हरखूनच गेले. मलमलीच्या तुकड्यांत गुंडाळलेली घड्याळं, प्रत्येकाजवळ एक कापराची वडी. पिवळसर पडलेल्या तबकड्या, शेंगेच्या आकाराचे काटे, पाठीवर कोणाकोणाची कोरलेली नावं. आजकालच्या चकाकणाऱ्या घड्याळांत हा जीव नाही, हे मी कोणाशीही भांडून सांगेन. ऑटोमॅटिक घड्याळाला सेल लागत नाही, रोज चावीही द्यावी लागत नाही. आत एक वजनी पत्रा असतो. हात हलला की तो हलतो आणि स्प्रिंग आपोआप गुंडाळली जाते. माणूस चालतो म्हणून घड्याळ चालतं. काढून ठेवलंत तर दीड दिवसात बंद.

कपाटातली सगळी अर्थातच बंद होती. चालू होतं ते एकच, आणि ते काकींच्या उजव्या मनगटावर होतं. काळी तबकडी, स्टीलची केस, पुरुषी आकार. जुन्या धाटणीचं बंपर! यातला पत्रा पूर्ण गोल फिरत नाही, दोन बाजूंच्या स्प्रिंगांवर आपटून परततो. घालणाऱ्याला मनगटावर ठक, ठक असं जाणवत राहतं. धाकूकाकांचं हे रोजचं घड्याळ. डावा हात वाफेने भाजला होता म्हणून ते उजव्यात घालत.

काकींचा उजवा हात पार वाळलाय. मांडीवर नुसता पडून असतो आणि त्या डाव्या हाताने तो सारख्या हलवत असतात, पाळणा हलवावा तसा. घड्याळ बंद पडू नये म्हणून! नवऱ्याची आठवण जपायची ही तऱ्हा पाहून मला भरून आलं.

मी त्यांना कौतुकाने एक गंमत दाखवली. कडेची चावी बाहेर ओढली की या घड्याळाचा सेकंदकाटा जागच्या जागी थांबतो. जुन्या बंपरांत ही सोय सहसा नसते. काटा थांबला आणि काकींचा श्वास घशातच अडकला, डोळे वर गेले. मी घाबरून चावी आत दाबली, पाणी दिलं. मग त्या सावरल्या. वयाप्रमाणे होतं असं, म्हणाल्या. निलेशला कळवायला हवं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज ते घड्याळ माझ्या हातात आलं! आता हात हलवायचं बळ नाही, तू आहेस तोवर तूच घाल, असं काकी आपणहून म्हणाल्या. मात्र जागेवाल्याच्या, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाच्या, कानावर घातल्याशिवाय द्यायचं नाही. आमच्या सावर्ड्यालाही हेच चालतं. नवी गाडी असो की पोराची नोकरी, गाऱ्हाणं घातल्याशिवाय काही होत नाही.

काकींनी अंगणात नारळ ठेवला आणि तोंडातल्या तोंडात गाऱ्हाणं सुरू केलं, बा म्हाराजा, जागेवाल्या, असं. दर वाक्याला मी जोरात व्हय म्हाराजा म्हणत होते. ते मला झोपेतही जमतं. गणपतीत गाऱ्हाणं घालणारे गावकार काय पुटपुटतात ते आम्हा भावंडांना कधी कळलं नाही, पण ओरडण्यात आम्ही पुढे, आणि रितेश तर सगळ्यांच्या वर. वाडीतल्या म्हाताऱ्या त्याला भोंगा म्हणायच्या.

नारळ फुटला. काकींनी घड्याळ माझ्या उजव्या मनगटावर बांधलं आणि मोठा सुस्कारा सोडला. पट्टा शेवटच्या भोकातही सैल होतो, बांगडीसारखा फिरतो. ठक, ठक. मी दिवसभर उगाचच हात हलवत हिंडले.

रविवार, ९ नोव्हेंबर

काम छान चाललंय. निम्मी घड्याळं साफ झाली. तरी दोन-तीन गोष्टी लिहून ठेवते, म्हणजे उद्या वाचून हसता येईल.

काल विहिरीवर दोर तुटला, मी तो जोडला. गाठ अशी बसली की सोडवता सोडवेना. काकींनी ती कुरवाळली आणि म्हणाल्या, ही बोटीवरची गाठ. मला बुटाच्या नाडीपलीकडे गाठ येत नाही.

काकी दुपारी तीन ताटं वाढतात. विचारलं तर हसून म्हणाल्या, सवय. जेवून जरा आडवी झाले तर पडवीत कोणीतरी खाकरलं, म्हातारा पुरुष खाकरतो तसं. उठून पाहिलं, तर पडवीत कोणी नव्हतं.

आणि हात उशीवर स्वस्थ ठेवला तरी ठकठक चालूच राहते. पत्रा हलल्याशिवाय बंपर वाजत नाही. हे मला माहीत आहे, घड्याळाला माहीत नसावं.

पट्टा आता सैल होत नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

मी वेडी नाही. झालं ते तसंच्या तसं लिहिते.

सकाळी नवा पट्टा आणायला मारुती मंदिराजवळच्या बाजारात निघाले. फाटकाशी आले आणि उजव्या हाताने फाटकाची आडवी काठी धरली. मी धरली नाही, हाताने धरली. डाव्या हाताने एकेक बोट उचकटायला गेले, तर बोटं उलट आणखी घट्ट झाली. माघारी वळल्यावर हात आपोआप सुटला. मी पुन्हा गेले. पुन्हा तेच. काकी पडवीतून बघत होत्या. शांतपणे म्हणाल्या, "उन्हात नको गो ऱ्हावस, आत ये."

घड्याळ काढायला गेले तेव्हा उजव्या हाताने डाव्याचं मनगट पकडून असं पिरगळलं की मी ओरडले. स्वतःच्याच हाताचा मार खाल्ला मी.

रितेशला फोन केला. सरळ सांगायची लाज वाटली, बरं नाही, न्यायला ये एवढंच म्हटलं. त्याला रविवारीच सुट्टी आहे. येतो म्हणाला. माझा आवाज बसलाय का, असंही विचारलं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

हात झोपेतही हलतो. सकाळी उठते तेव्हा खांदा भरून आलेला असतो, तळव्याला तंबाखूचा वास. पट्टा कातडीत रुतलाय.

आज एक शोध लागला. मी लिहायला बसले की हात शांत असतो. हलायला मिळतं ना त्याला. तो लिहिण्यात गुंतला असताना मी डावा हात हळूच नेला, नखाने चावी बाहेर ओढली.

काटा थांबला.

माझा श्वास थांबला. छातीत काहीच चालत नव्हतं, काहीच. मी पुढे कोसळले, चावी टेबलाच्या कडेवर आपटून आत गेली आणि हवा परत आली.

काकींचा श्वास त्या दिवशी वयामुळे अडकला नव्हता.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

काकींना विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. नारळ खोवता खोवता सांगितलं. गाऱ्हाण्यात मी कशाकशाला व्हय म्हटलं, ते पुन्हा म्हणून दाखवलं.

"ह्या पोरीनं आपला हात माज्या माणसाला दिलाय, म्हाराजा. घड्याळ चालंल तवर हात त्याचा. हात चालंल तवर जीव हिचा. ता मान्य करून घे, म्हाराजा."

आणि मी ओरडले होते. हसत हसत.

काका गेले तेव्हा त्यांच्या हातातलं घड्याळ चालू होतं. काकींनी ते बंद पडू दिलं नाही. जोवर चालतंय तोवर माणूस घरात आहे, एवढंच त्यांना हवं होतं. त्या दुष्ट नाहीत. दुष्ट असत्या तर मला त्यांचा राग राग करता आला असता.

पण आता त्यांना माझाही हात पुरत नाही. बाईच्या हातात तो घुसमटतो म्हणाल्या, त्याला परत बोटीवर जायचंय. मग डोळे बारीक करून विचारलं, "भाव येतोय ना तुजा? मनगट कसा हाय त्याचा?"

धावत फोनकडे गेले. डाव्या हाताने उचलला. उजव्याने तो हिसकावला, मला परसात ओढत नेलं आणि विहिरीत टाकला.

मीच बोलावलं त्याला. मी.

शनिवार, १५ नोव्हेंबर

दार बाहेरून लावलंय. वही आणि पेन दिलंय. हात हलता राहावा म्हणून.

खरं लिहिते. सकाळपासून मनात एकच आहे. रितेशने व्हय म्हटलं की मी सुटेन. काकी सुटल्या तशी. हात वाळेल, पण घरी जाईन. आईच्या हातचं जेवेन. तो तरुण आहे, दणकट आहे, कदाचित तो काही — 

शी.

लहानपणी जत्रेत मी हरवले होते. माझ्या नावाने तो इतका ओरडला की आठवडाभर त्याला आवाज नव्हता.

नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

दुपार. फाटक वाजलं.

खिडकीच्या गजातून दिसतोय. निळा शर्ट. हातात मोसंब्यांची पिशवी, मी आजारी म्हणून.

हाक मारली. माझ्या तोंडून खाकरल्याचा आवाज आला. पुरुषाचा. रितेशने काकींना विचारलं, घरात काका पण आहेत का. काकी म्हणाल्या, आहेत तर.

डाव्या हाताने गजावर तांब्या आपटला. काकी म्हणाल्या, मांजर आहे. उजव्याने तांब्या हिसकावला. मग पेन धरलं. परत लिहितेय. लिहिते आहे तोवर तो गुंतलेला — 

काकी सांगतायत, ताई निजली आहे, उठेल. तोवर तिच्यासाठी जागेवाल्याला गाऱ्हाणं घालू. रितेश चपला काढतोय. हात जोडतोय. किती शहाणा, किती वेडा माझा भाऊ — 

नारळ ठेवला.

लिहीत राहा. काहीही लिही. डोंबिवली. आई. मोसंबी. डावा हात हळू. हळू. त्याला कळता कामा नये. निळा शर्ट, निळा शर्ट, निळा — 

बा म्हाराजा, म्हणाल्या.

हे घड्याळ थांबलं की गाऱ्हाण्यात द्यायला काही उरत नाही. घड्याळ नाही, काका नाहीत, मी — 

ठक. ठक. ठक.

नख चावीखाली गेलं.

रितेश, आईला सांग की मी 

तो श्वास घेतोय. छाती भरून. भोंगा माझा. तोंड उघडलं — 

ओढ