आठ शेंगदाण्यांचा शब्द

बाबा, तुमच्यावर चिडूनच लिहायला बसलेय. आज वर्गात डीएनएच्या नावातलं 'डीऑक्सिरायबोन्यूक्लीइक' म्हणताना माझी बोटं पुन्हा टेबलावर आपटायला लागली. डी, ऑक्, सी, राय, बो, न्यू, क्ली, इक. आठ तुकडे, आठ टिचक्या. मुली तोंडावर ओढणी धरून हसल्या. वीस वर्षं जीवशास्त्र शिकवतेय, पण हा मेला शब्द एका दमात काही म्हणता येत नाही. याला सर्वस्वी तुम्ही जबाबदार आहात.

उस्मानपुऱ्यातलं आपलं स्वयंपाकघर. आई भाकरी थापतेय, माझी शाळेची वेळ झालीय आणि तुम्ही माझ्यापुढं आठ शेंगदाणे मांडून बसलाय. तुकडा नीट म्हटला की एक दाणा तोंडात, चुकला की पुन्हा पहिल्यापासून. स्वतः सातवी पास, कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचनळ्या धुणारे शिपाई. प्राध्यापकांच्या तोंडचे शब्द ऐकून यायचात आणि घरी माझा जीव खायचात. "अख्खं गिळायचं नाय," म्हणायचात, "तोडून घे, मंग घशात अडकत नाय." आई वैतागायची, पोरीला उपाशी धाडता का म्हणायची. तुम्हाला शाळा बुडाली तरी चालायची, पण 'क्ली' आणि 'इक' वेगळे ऐकू यायला हवेत. पाहुणे आले तरी तोच छळ.

पुढं मी तुमच्याच कॉलेजात शिकले. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमका तोच शब्द विचारला. मी बोटं दुमडत म्हटला. ते खूश झाले, अशी फोड करायला कुणी शिकवलं म्हणाले. तुम्ही दोन हातांवर नळ्यांचा ट्रे धरून उभे होता. मी म्हटलं, "औरंगपुऱ्यातल्या क्लासच्या सरांनी."

तुम्ही ट्रे ठेवलात आणि बाहेर गेलात. घरी जेवताना एवढंच म्हणालात, "'न्यू'वर जरा घाई केलीस." बस्स. याचाच तर संताप येतो मला. एक थोबाडीत द्यायची, निदान जाब तरी विचारायचा. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि मी अजून उत्तर तयार ठेवून बसलेय, की परीक्षेत घाबरले, काहीतरी बोलून गेले. हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून खरं लिहिते. मी घाबरले नव्हते. तुमच्या अंगात शिपायाची खाकी होती, आणि परीक्षकांनी वळून तुमच्याकडं बघू नये, असं मला वाटलं.