पवनचक्कीच्या पात्यांची खांदशेक

चिरंजीव जावईबापू धनराज यांस,

लटारूचे पोटभर आशीर्वाद. इकडे मी, मनकर्णा, म्हैस आणि धान सगळे खुशाल. तुमची तब्येत आणि आमच्या मंजुषाचा सातवा महिना कसा आहे, ते कळवावे. तुमचे बाबा परवापासून आमच्याकडेच आहेत. तेही खुशाल आहेत (जवळजवळ).

विषय आपल्या पुलाचा. चैत्रात गोड बातमी ऐकून मी साखर घेऊन घुग्घुसला आलो, तेव्हा तुम्ही चारचौघांत म्हणालात, "मामाजी, पहिलं बाळंतपण माहेरी, मान्य. पण नाल्याले पूर आला का तुमच्या गावची वाट बंद. मंजुषाले मी नाई पाठवत." मला राग आला. बरोबर बोललात म्हणून जास्तच आला. त्या रागात तुमच्या सिमेंट कारखान्याच्या आवारात फिरलो, तर तिथे पवनचक्कीची निवृत्त पाती पडलेली. म्हणे कापून भट्टीत घालणार. वीस वर्षं वाऱ्यात राबलेली वस्तू, ना गंज ना वाळवी, आणि भट्टीत? आपण म्हाताऱ्या बैलालासुद्धा गोठ्यात जागा देतो. ग्रामसभेचा ठराव नेला आणि दोन पाती मागून आणली.

गुलाम रसूलभाईंचा ट्रेलर पोंभुर्ण्याच्या वळणावर अडला तेव्हा अर्धा तालुका बघायला आला होता (काहींनी विमान पडल्याचंही ठरवून टाकलं). इंजिनिअर करिश्मा मॅडमनी तपासणी केली, मापं घेतली. नाल्यावर या काठापासून त्या काठापर्यंत दोन पाती शेजारीशेजारी टाकली, मधे सागाच्या फळ्या. पाती भारही घेतात आणि कठडाही होतात. यंदा भर श्रावणात पाणी पुलाखालून गेलं आणि मी वरून. असा पूल जिल्ह्यात दुसरा नाही (मी सगळा जिल्हा पाहिलेला नाही, पण नाही). माझी छाती अजून फुगलेलीच आहे.

इथपर्यंत माझी चूक नव्हती. परवा पोळ्याची आदली संध्याकाळ. बैलांचे खांदे हळद-लोण्यानं शेकले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हटलं, आणि वाटीत लोणी उरलं. मनात आलं, भार तर पातीही वाहतात, त्यांचा मान कोणी करायचा? पळसाच्या पानानं दोन्ही कठड्यांना या टोकापासून त्या टोकापर्यंत लोणी चोळलं. थोडं फळ्यांवरही सांडलं. मनकर्णा म्हणाली, "ते का बैल व्हय? काऊन चोळून राह्यले?" मी ऐकलं नाही (पस्तीस वर्षांची सवय).

तासाभरात, तुम्हीच पूल तपासायला पाठवलेले तुमचे बाबा आले. बिचाऱ्यांनी जपून कठडा धरला. पूल त्यांनी पूर्ण ओलांडला, फक्त बसून. एक घोटा सुजला आहे, हाड शाबूत आहे.

घरातल्या मोठ्यांना रामराम, मंजुषाला माया.

तुमचे मामाजी,
लटारू

ता. क. हे पत्र रसूलभाईंच्या हाती पाठवतो आहे. बाबांच्या फोनला रेंज फक्त टेकडीवर मिळते, आणि त्यांना अजून टेकडी चढवत नाही. त्यांच्याआधी माझं म्हणणं पोचावं, एवढाच हेतू.

आणखी ता. क. काल पोळ्याच्या दिवशी बाबा काठी घेऊन उठले. पूल दोनदा ओलांडला, मधे उभं राहून धड असलेला पाय आपटला आणि मला, आपल्या व्याह्याला, म्हणाले, "पूल पक्का हाये, इवाई. कच्चे तं तुमीच आहा. सुनेले पाठवतो मी." तेव्हा मंजुषाला घेऊन या. लोणी मी राखेनं स्वतः घासून काढलं आहे, तीनदा हात फिरवून पाहिला आहे. माझी पोर कोरड्या पायानं घरी येईल.