अडीच फुटांवरचा चेहरा

४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. तू काढलेला फोटो घेऊन पासपोर्टच्या कार्यालयात गेले आणि तोंडघशी पडले. तिथलं यंत्र नवा फोटो जुन्या पासपोर्टातल्या फोटोशी ताडून पाहतं. जुना दहा वर्षांपूर्वी नानांनी काढलेला. यंत्राला दोन निराळ्या बायका वाटल्या. खिडकीतल्या मुलीने तर ही तुमची थोरली बहीण का, असं विचारलं. मी नाकावर माशी बसू न देणारी; पण या नाकावर माशांचं अख्खं गाव मावेल! कान कुठे ठेवलेस ते तुलाच ठाऊक.

थट्टा पुरे. वीस तारखेला पुन्हा बोलावलंय. तेव्हाही नाही म्हणाले तर लेकीच्या बाळंतपणाला मी पोचत नाही. जावई बोटीवर, ती तिकडे परदेशात एकटी. जीव टांगणीला लागलाय.

नानांच्या स्टुडिओची, आपल्या वडिलांच्या नावाची अब्रू राख, म्हणजे माझा लोभही राहील.
तुझी ताई

११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. चूक माझी. झेरॉक्स मशीनसाठी मी स्टुडिओत मधोमध फळ्यांची भिंत घातली, तेव्हापासून गिऱ्हाइकाचं स्टूल कॅमेऱ्यापासून अडीच फुटांवर आलं. चेहरा मावेना म्हणून आखूड लेन्स लावली. नाना आठ फुटांवरून, लांब पल्ल्याच्या लेन्सने काढायचे. मला तो म्हातारपणाचा हट्ट वाटायचा.

काल भिंत काढली. हिला स्टुलावर बसवलं, हलू नकोस म्हटलं, आणि पाऊल पाऊल मागे सरत फोटो काढले. दर वेळी चेहरा तेवढाच मोठा येईल अशी लेन्स लावली. ताई, काय सांगू! ही जागची हलली नाही, पण तिचं नाक आत गेलं, गाल रुंदावले, कान गालांमागून बाहेर आले. जवळून काढलं की नाक कॅमेऱ्याला कानांपेक्षा फारच जवळ पडतं, म्हणून फुगतं. लांबून तो फरक जाणवेनासा होतो. एवढंच. पण सगळे फोटो ओळीने मांडले आणि अंगावर काटा आला. वीस वर्षं हा धंदा करतोय, डोळे असून आंधळा! हिचं म्हणणं, मी तिला वीस वर्षांत नीट पाहिलंच नाही हे निदान आता कबूल झालं.

रविवारी ये, आठ फुटांवर बसवतो. कान उपटून घ्यायला मी हजर आहे. माया मात्र कमी करू नये.
तुझा धाकटा

२ मे

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. यंत्राने क्षणात मला ओळखलं आणि मी वेळेत पोचले. परवा नात झाली. दोघी सुखरूप आहेत.

एक तुला कधी सांगितलं नाही. नानांनी काढलेला आईचा फोटो मला कधीच आईसारखा वाटला नाही. त्यावरून मी भांडायचे, ते नुसते हसायचे. आता कळतंय. त्यांनी तिला आठ फुटांवरून पाहिलं होतं, मी तिच्या मांडीवरून. एकाच बाईचे दोन चेहरे आणि दोन्ही खरे! मी थक्कच झाले रे.

आज नातीला मांडीवर घेतलं. ती एकटक बघत राहिली. लेक फोटो काढते म्हणाली, मी थांब म्हटलं. आई गेल्यापासून इतक्या जवळून मला कुणी पाहिलं नव्हतं.

तुम्हा दोघांना आशीर्वाद. पत्राची वाट पाहते.
तुझी ताई